नाव घातलेले पुस्तक

युरोपात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या छापील बुकप्लेटांपैकी एकीवर हेजहॉग आहे. आपल्या साळिंदराचे पिल्लू वाटावे असा हा काटेरी जीव तोंडात फूल धरून पानाफुलांतून चालला आहे आणि वरच्या वळणदार पट्टीवर मालकाचे नाव आहे: हान्स इग्लर. नावाला लागूनच ‘हेजहॉग तुझा मुका घेवो’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पुस्तक ढापणाऱ्याला दिलेला शाप म्हणा किंवा स्वतःच्या आडनावावर केलेली कोटी म्हणा, कारण जर्मनमध्ये या प्राण्याला इगेल म्हणतात. हा लाकडी ठसा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासचा. इग्लर हा दक्षिण जर्मनीतला एक धर्मगुरू होता. त्याने काय वाचले, काय शिकवले याची आठवण ठेवण्याचे आज कुणाला कारण नाही. कागदाच्या एका चौकोनी कपट्याने मात्र त्याचे नाव पाचशेहून अधिक वर्षे टिकवून धरले आहे.

पुस्तकाच्या पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला चिकटवायचा हा कपटा म्हणजे बुकप्लेट. तिच्यावर मालकाचे नाव असते, बहुधा ‘एक्स लिब्रिस’ हे लॅटिन शब्द असतात, म्हणजे अमक्याच्या पुस्तकांपैकी एक, आणि जोडीला एखादे चित्र, घराण्याचे चिन्ह किंवा नुसती नक्षी. आकार फार तर तळहाताएवढा. चित्रकलेच्या इतिहासात तिला कोपऱ्यातली जागा मिळते आणि ग्रंथालयशास्त्रात तळटीपेतली. प्रस्तुत संग्रहाने प्रत्येकीला एक पान दिले आहे, आणि त्यात परदेशी कोरीव ठशांच्या शेजारी आपल्या वाचनालयांच्या देणगी-चिठ्ठ्या, शाळांची बक्षीस-पत्रे आणि रबरी शिक्केही मांडले आहेत. ही सरमिसळ काहींना खटकेल. जर्मन चित्रकार ड्यूररच्या पंगतीला तालुक्याच्या छापखान्यातली चिठ्ठी कशाला, असा प्रश्न येणारच. माझ्या मते ती सरमिसळ हाच या संग्रहाचा खरा विचार आहे, आणि तो पटवण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबणार आहे.

बुकप्लेटविषयी इंग्रजीत जे लिहिले गेले त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: ही मालकीची खूण आहे. माझे पुस्तक, माझे चिन्ह, हात लावू नका. लॉर्ड द टेब्ली यांचे या विषयावरचे मार्गदर्शक पुस्तक १८८० मध्ये निघाले, १८९१ मध्ये लंडनमध्ये एक्स लिब्रिस सोसायटी स्थापन झाली, आणि ढालींवरून घराणी, घराण्यांवरून काळ अशी वर्गवारी रूढ झाली. त्या वर्गवारीत खूप माहिती आहे. पण इग्लरच्या जोडीने आद्य म्हणून जी दुसरी बुकप्लेट दाखवतात तिच्याकडे नीट पाहा. १४८० च्या सुमाराची ही चिठ्ठी बिबराखच्या हिल्डब्रांट ब्रांडेनबुर्गची. एका देवदूताने हातात ढाल धरली आहे, ढालीवर बैल आहे, आणि लाकडी ठशावर हाताने रंग भरले आहेत. ब्रांडेनबुर्गने आपली पुस्तके बुक्सहाइम इथल्या कार्थुजियन मठाला देऊन टाकली, आणि ही चिठ्ठी त्या दिलेल्या पुस्तकांत लावली गेली. म्हणजे बुकप्लेटच्या वंशावळीत अगदी मुळाशी जी दोन नावे आहेत त्यांतले एक पुस्तके राखणाऱ्याचे आहे आणि दुसरे देणाऱ्याचे. पहिल्याचा वंश युरोपात फोफावला. दुसऱ्याचा वंश पाहायचा असेल तर आपल्याकडे यावे लागेल.

तत्पूर्वी ड्यूररला वगळून चालणार नाही. न्यूरेंबर्गचा विद्वान विलिबाल्ड पिर्कहायमर हा आल्ब्रेख्त ड्यूररचा जिवलग मित्र. १५०२ च्या सुमारास ड्यूररने त्याच्यासाठी ठसा काढून दिला. सर्वांत वर हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीन भाषांत बायबलातले एकच वचन. त्याखाली नवराबायकोच्या घराण्यांच्या दोन ढाली, एकीवर बर्चचे झाड, दुसरीवर दोन शेपट्यांची मत्स्यकन्या. भोवती गुबगुबीत बाळे आणि फळाफुलांनी ओसंडणारी शिंगे. एवढ्या गर्दीत एका जागी तीनच शब्दांत सांगितले आहे की हे पुस्तक स्वतःसाठी आणि मित्रांसाठी आहे. नाव घालायचे आणि त्याच दमात पुस्तक मित्रांना मोकळे करायचे, ही उदारता मला त्या रेषांइतकीच मोलाची वाटते. पिर्कहायमर १५३० मध्ये वारला. शतकभराने, १६३६ मध्ये, त्याच्या संग्रहाचा मोठा भाग अरंडेलच्या अर्लने विकत घेतला आणि पुढे तो लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. पुस्तके घर सोडून हिंडत राहिली. कुठून निघाली हे त्या चिठ्ठीमुळे कळते.

पुढच्या दोन-तीन शतकांवरून भराभर गेले तरी चालेल. लाकडाची जागा तांब्याने घेतली. लाकडी ठशात जे उठावदार राहते ते छापते. तांब्याच्या पत्र्यात जे खोल कोरले ते शाई धरते, आणि ओलसर कागद दाबाखाली त्या चरांतून शाई उचलतो. त्यामुळे रेषा केसाइतकी बारीक करता येते. अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावांच्या प्लेटा एकीसारखी दुसरी अशा आहेत: ढाल, शिरस्त्राण, वेलबुट्टी, लॅटिन ब्रीद. मला त्या कंटाळवाण्या वाटतात आणि या संग्रहात त्या थोड्याच घेतल्या हे बरे झाले. मात्र त्या कोरणारी मंडळी लक्षात ठेवण्याजोगी आहेत. विल्यम होगार्थ हा पुढे इंग्लंडचा मोठा चित्रकार झाला; त्याची उमेदवारी चांदीच्या भांड्यांवर कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे गेली होती आणि त्याने बुकप्लेटाही कोरल्या. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात घोडदौडीमुळे नाव झालेला पॉल रिव्हिअर हा बोस्टनचा चांदीकाम करणारा. त्यानेही बुकप्लेटा कोरल्या. गिऱ्हाईक एकच. त्याला सुरईवर आपले चिन्ह हवे असे आणि पुस्तकातही. हत्यार एक, धातू जवळजवळ तसाच, हातही तोच. भांड्याचा हा धागा मी मुद्दाम सोडून ठेवतो. त्याचे दुसरे टोक पुण्यात आणि मिरजेत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही कला पुन्हा बहरली आणि तिची एक फांदी मुंबईपर्यंत पोचते. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ मध्ये मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय सुरू झाले. तिथे १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आले, आणि त्याच वर्षी त्यांच्या घरी रुड्यार्ड जन्मला. वडील दहा वर्षांनी लाहोरला गेले, मुलगा जगभर गाजला, आणि १९०९ मध्ये म्हाताऱ्या वडिलांनी मुलासाठी बुकप्लेट काढली. चित्रात अंबारीचा हत्ती आहे, अंबारीत एक गृहस्थ हुक्का ओढत पुस्तक वाचत बसले आहेत. ढाल नाही, लॅटिन ब्रीद नाही. हत्ती चालला आहे आणि वाचणारा आपल्या नादात आहे. साम्राज्याच्या या लाडक्या लेखकाबद्दल आपले मत काहीही असो, प्लेट मात्र झकास आहे. जे. जे.च्या आवारात शिल्पकाम शिकवणाऱ्या माणसाला छोट्या चौकोनात किती मावते आणि किती मावत नाही हे नेमके ठाऊक होते.

१९०० च्या सुमारास एमिल ऑर्लिक नावाचा प्राग शहरातला चित्रकार जपानला गेला आणि त्याच्या बुकप्लेटा ‘म्योजो’ या मासिकात छापून आल्या. जपानमध्ये पुस्तकावर लाल शिक्का उठवण्याची जुनी रीत होती. तिथल्या ठसेकारांनी ही नवी चिठ्ठी उचलली आणि आपल्या रंगीत लाकडी छपाईत अशी जिरवली की आज जपानी बुकप्लेट हा स्वतंत्र प्रकार मानतात.

जपानने उचलली तशी आपण का उचलली नाही? ‘आपल्याला पुस्तकांची कदर नाही’ हे उत्तर नेहमी तयार असते आणि नेहमीच आळशी असते. खरे कारण पुस्तकाच्या बांधणीत आहे. बुकप्लेट चिकटवायला पुठ्ठा लागतो आणि पोथीला पुठ्ठा नसतो. पोथी म्हणजे सुट्या पानांची चळत, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचे बासन. आमच्या जुन्नरात कागदी लोक हाताने कागद करीत; जुन्नरी कागद हे नाव दौलताबादीच्या जोडीने मराठेशाहीच्या कागदपत्रांच्या अभ्यासकांना परिचित आहे. खळ दिलेला, दगडाच्या घोट्याने घोटून गुळगुळीत केलेला तो कागद बोरूसाठी बनवलेला. त्यावर जे सांगायचे ते लिहूनच सांगायचे. म्हणून आपल्याकडे नाव आले ते पहिल्या पानाआधी नव्हे, शेवटच्या पानाअखेर. ग्रंथ संपला की लेखनिक शक, तिथी, गाव, आपले नाव आणि कुणासाठी लिहिले ते नोंदवतो. पुष्कळदा त्यापुढे एक श्लोक येतो, ज्यात पोथी स्वतःच बोलते: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. इग्लरच्या काट्यांपेक्षा ही विनवणी मला जास्त सुसंस्कृत वाटते, आणि जास्त व्यवहारी. पोथीला चोरापेक्षा तेलाच्या दिव्याचे भय मोठे.

राजांच्या ग्रंथसंग्रहांची तऱ्हा वेगळी. मुघल आणि दख्खनी दरबारांत ग्रंथ बांधलेले असत आणि त्यांच्या कोऱ्या पानांवर शिक्क्यांची दाटी होई. ग्रंथपालांचे शिक्के, तपासणीच्या तारखा, काही वेळा किंमतही. शाहजहानने १६२८ मध्ये गादीवर येताच निवडक ग्रंथांवर स्वतःच्या हाताने नोंद केली की आज हा ग्रंथ माझ्या संग्रहात आला. विजापूरच्या आदिलशाही ग्रंथांवरही असे शिक्के आहेत. १६८६ मध्ये विजापूर पडले. उरलेल्या ग्रंथांतले बरेचसे असर महालातून एकोणिसाव्या शतकात लंडनला गेले. शिक्क्यावर शिक्का, हुकुमतीवर हुकुमत. हीदेखील मालकीचीच भाषा, फक्त फार देखणी.

जैन परंपरेत मात्र दुसरा वंश स्पष्ट दिसतो. व्रताचे उद्यापन करताना शास्त्राची प्रत लिहवून घ्यायची आणि ती मुनींना किंवा भांडाराला द्यायची, हे शास्त्रदान. अशा प्रतींच्या शेवटी दात्याचे नाव, त्याचे कुळ, कधी बायकोमुलांची, सुनांची नावे आणि ज्याला दिली त्या मुनीची गुरुपरंपरा अशी लांबलचक प्रशस्ती असते. वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याची भांडारे या बाबतीत संपन्न. पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य विसाव्या शतकात छापून आले त्यामागे तिथल्या पोथ्याही होत्या. महानुभावांनी तर तिसराच मार्ग काढला. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. वाचताच येणार नाही असे पुस्तक कोण पळवणार?

आता लेण्यांकडे वळतो. पुस्तकांच्या संग्रहाला लेण्यांची प्रस्तावना कशाला, असे वाटेल. पण हे मी येडगावात बसून लिहितो आहे. इथून पश्चिमेला शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री हे डोंगर आहेत, आणि त्यांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिथले ब्राह्मी लेख भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये वाचून प्रसिद्ध केले. हे लेख बहुतेक एका साच्यातले आहेत: अमक्याचे, अमक्या वस्तूचे, ‘देयधम’, म्हणजे धर्मदान. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शेहेचाळीसाव्या वर्षी मंडप आणि पोढी दिली.

या लेखांत दात्याचे नाव षष्ठीत असते. वस्तू देऊन झाली, तरी नाव ‘अमक्याचे’ असेच. देऊन टाकल्यावरही काहीतरी त्याचे राहते आणि जे राहते तेच दगडावर कोरले जाते. सुमारे दोन हजार वर्षांनंतर याच जुन्नर तालुक्यात तुम्ही कुठल्याही गावात जा. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या पंख्याच्या पात्यावर, एसटी थांब्याच्या बाकावर, स्मशानभूमीच्या शेडवर, पाण्याच्या कूलरवर: कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून. साचा तोच. शहरी माणसे या पाट्यांना हसतात. पंख्याच्या पात्यावरचे नाव पंखा बंद असतानाच वाचता येते, हे मलाही गमतीचे वाटते. पण इरिलाच्या पोढीसमोर आदराने उभे राहायचे आणि बाकावरच्या नावाला हसायचे, हे काही बरोबर नाही.

आता भांडी. आपल्या घरात नाव घालायची वस्तू पुस्तक नव्हे, भांडे. तांब्या, ताट, घागर, पिंप. भांड्यांच्या दुकानाशी एक माणूस बारीक छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन बसलेला असे आणि टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी नाव काढी. हल्ली विजेचे यंत्र असते आणि रेषा सलग येते. या नावांत मालक क्वचित एकटा असतो. मुलीचे नाव, ‘हिस’, आणि मग मामाकडून, आत्याकडून, कार्यालयातल्या मैत्रिणींकडून, खाली तारीख. ताट जन्मभर वापरले जाते, आणि तारीख घासून घासून पुसट होते. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि दिवस. चांगल्या बुकप्लेटमध्ये याहून अधिक काय असते?

होगार्थ आणि रिव्हिअर यांचा जो धागा मी सोडला होता तो इथे जुळतो. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याचा ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एका तांबटाने छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या हस्तगत केली. नाना फडणविसांनी त्याच्याकडून गीता छापून घेण्याचे मनावर घेतले होते. नानांचे दिवस फिरले. तांबट मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तिथे गीता छापून निघाली. खिळे जुळवून नव्हे. पूर्ण पानच्या पान तांब्यावर उलटे कोरून. देवनागरीची वळणे पत्र्यावर उलटी, उजवीकडून डावीकडे कोरायची आणि अठरा अध्याय तडीस न्यायचे, हे काम भांडी घडवणाऱ्या हातांनी केले. त्याच पुण्यात गंगाराम तांबट नावाचा दुसरा कारागीर जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली तयार झाला आणि त्याने मॅलेटसाठी वेरुळच्या लेण्यांची चित्रे काढली. म्हणजे १८०० च्या आगेमागे पुण्या-मिरजेत कोरणारा हात होता, तांबे होते, अक्षरांची जाण होती. बुकप्लेट घडायला फक्त एक गोष्ट कमी होती: पुठ्ठ्याचे पुस्तक घरात बाळगणारे गिऱ्हाईक. ते आणखी काही दशकांनी आले. आणि आले तेव्हा ते एकट्याने पुस्तके घेत नव्हते, वर्गणी काढून वाचनालये उघडत होते.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये सुरू झाले. मराठी माणसाने आपले वाचन मोठ्या प्रमाणावर उसन्या पुस्तकांवर केले, आणि म्हणून मराठी बुकप्लेट जन्मली ती वाचनालयात. या संग्रहाचा गाभा म्हणजे त्या चिठ्ठ्या.

त्यांची घडण पाहा. तालुक्याच्या गावात एक छापखाना, त्यात पायाने चालणारे ट्रेडल, खिळ्यांच्या केसेस आणि नक्षीच्या पट्ट्यांचा एक खण. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची पत्रे, पावतीपुस्तके, तमाशाची हँडबिले आणि वाचनालयाच्या चिठ्ठ्या सगळे त्याच खणातून निघे. त्यामुळे पुस्तकात लावलेल्या स्मरणार्थ चिठ्ठीला कधी लग्नपत्रिकेची वेलबुट्टी असते. चित्र काढायला पैसे नसत, झिंकचा ब्लॉक महाग पडे, म्हणून कंपोझिटर जे करू शकतो तेच: टाइपाचा लहानमोठेपणा, ठळक-बारीक, मोकळी जागा, चौकट. निर्णयसागरचे जावजी दादाजी आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांना जे डौलदार वळण दिले, त्याची पुण्याई पुढे खेड्यापाड्यांतल्या कामातही दिसत राहिली. वर ‘सप्रेम भेट’ मध्यम टाइपात, खाली ठिपक्यांची रेघ, तिच्यावर शाईने लिहिलेले नाव, मग वाचनालयाचे नाव कमानीसारखे, खाली दाखल क्रमांकासाठी चौकोन. यांतल्या उत्तम चिठ्ठ्या मी इंग्रज उमरावांच्या ढालींपेक्षा सरस मानतो. त्यांत एकही रेघ उगीच नाही.

एक गंमत सांगतो. ज्यांच्या स्मरणार्थ पुस्तक दिले त्यांचे नाव किती मोठ्या टाइपात आणि देणाऱ्याचे किती, हे पाहत चला. बहुतेक ठिकाणी कैलासवासी ठळक आणि देणारा बारीक. काही ठिकाणी उलटे. कंपोझिटर आपणहून असे करत नाही. मजकूर घेऊन आलेल्या माणसाने ‘हे जरा मोठे घ्या’ म्हटलेले असते. त्या एका वाक्यात घरातली सगळी कथा असते.

बक्षीस-पत्रे हा दुसरा विभाग. शाळेत वक्तृत्वात, निबंधात, हजेरीत पहिला नंबर आला की पुस्तक मिळे आणि आत छापील पत्र चिकटवलेले असे: नाव, इयत्ता, विषय, मुख्याध्यापकांची सही. त्या घरात तेच कदाचित पहिले स्वतःच्या नावाचे पुस्तक. नाव घातलेले पुस्तक हाती आलेला मुलगा पुढे ते रद्दीत घालायला धजत नाही; अशी कितीतरी पुस्तके शिल्लक राहिली ती केवळ त्या पत्रामुळे. आणि ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांनीही कलेची सेवा केलीच. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘माझे नाव पाहायचे असेल तर पान ३२ उघडा’, तिथे गेलात तर ‘पान ७५ उघडा’, आणि शेवटी एक वेडावणारे तोंड. वाचनालयाचे लोक हाच खेळ गंभीरपणे खेळतात. प्रत्येक वाचनालयाचे एक ठरलेले गुप्त पान असते, त्यावर शिक्का मारलेला असतो, म्हणजे पहिले पान कुणी फाडले तरी पुस्तक ओळखू येते.

खासगी संग्रहांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे मोल चिठ्ठीवर ठरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून. त्यांच्या संग्रहातली अनेक पुस्तके नंतर मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात गेली, आणि अभ्यासक आज त्यांत पेन्सिलीच्या रेघा आणि समासातल्या खुणा शोधत बसतात. तिथे कोरीव प्लेट असती तर देखणी दिसली असती. पण वाचणाऱ्याने ओढलेली रेघ ही प्लेटपेक्षा खोल जाते. कोऱ्या करकरीत पुस्तकातल्या सुंदर बुकप्लेटविषयी मला थोडा संशय असतो.

आपल्या चित्रकारांचे काय? दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रे मुखपृष्ठांवरून घराघरांत गेली. कमल शेडगे यांनी अक्षरालाच चित्र केले, र. कृ. जोशी यांनी देवनागरीच्या वळणांचा आयुष्यभर अभ्यास केला. बुकप्लेटला लागणारे सगळे गुण या मंडळींच्या हातात होते. पण त्यांचा आश्रयदाता प्रकाशक होता, दिवाळी अंकांचा वाचक होता. त्यांची कला पुठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगाला फुलली. आतले अंग कंपोझिटरकडे राहिले. मला यात खंत वाटत नाही, मात्र आजच्या कलाविद्यार्थ्यांना ही जागा मोकळी आहे एवढे दाखवून द्यावेसे वाटते.

संग्राहकांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. बुकप्लेटा जमवण्याचा छंद वाढला तशी त्या पुस्तकांतून भिजवून सोडवण्याची खोडही वाढली. ब्रिटिश म्युझियमला १८९७ मध्ये सर ऑगस्टस फ्रँक्स यांचा प्रचंड संग्रह मिळाला. असे संग्रह अभ्यासाला अमोल, पण त्यांतली सुटी चिठ्ठी कुठल्या ग्रंथात होती हे बहुधा कायमचे गेलेले असते. युरोपात तर पुढे अशी गत झाली की लोक अदलाबदलीसाठीच बुकप्लेटा करवून घेऊ लागले आणि पुस्तकात एकही लागेना. त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, जो १९६६ मध्ये स्थापन झाला, तंत्राची सांकेतिक अक्षरेही ठरवून दिली: उठावाच्या छपाईला एक्स, खोल कोरीव कामाला सी, शिळाछापाला एल. सोय चांगली आहे. फक्त पुस्तक कुठे गेले? आपल्याकडे धोका निराळा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव अनुदानित वाचनालये झाली, त्यांना अ ते ड वर्ग मिळाले, कपाटे भरली, आणि मग जागेसाठी जुनी जीर्ण पुस्तके बाद होऊ लागली. बाद पुस्तक रद्दीत किलोवर जाते आणि देणगीची चिठ्ठी त्याच्यासोबत. म्हणून या संग्रहात प्रत्येक चिठ्ठी उघडलेल्या पुठ्ठ्यासकट, डिंकाच्या डागासकट आणि कसरीने पाडलेल्या भोकांसकट दाखवली आहे, आणि शेजारी पुस्तकाचे नाव दिले आहे. छायाचित्र घेऊन पुस्तक जागच्या जागी ठेवले आहे. ही शिस्त मला फार आवडली.

हा संग्रह चाळून कुणाला स्वतःसाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी प्लेट करावीशी वाटली, तर दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिला प्रयत्न लिनोवर करावा. लाकडापेक्षा मऊ असतो आणि हत्यारे स्वस्त मिळतात. अक्षरे उलटी कोरायची असतात, म्हणून मजकूर पातळ कागदावर लिहून कागद पालथा घालून गिरवावा; देवनागरीत शिरोरेघ आधी आखून घेतली की ओळ नाचत नाही. नाव कमी, मोकळी जागा जास्त. कागद पातळ आणि आम्लरहित हवा, चकचकीत आर्ट पेपर नको. चिकटवायला घरची गव्हाची किंवा मक्याची खळ पुरते आणि पुढेमागे पाण्याने सुटते. बाजारचा पांढरा गोंद एकदा बसला की पुठ्ठा फाटल्याशिवाय निघत नाही. चिठ्ठी पुठ्ठ्याच्या आतल्या अंगालाच लावावी, समोरच्या कोऱ्या पानावर नको, कारण पुस्तकातले ते पान सर्वांत आधी फाटते. आणि पुस्तक पुन्हा बांधायला टाकाल तेव्हा बाइंडरला आधी सांगून ठेवा. तो जुना पुठ्ठा सवयीने फेकून देतो. चिठ्ठी सोडवून नव्या पुठ्ठ्यावर लावायची, की जुना पुठ्ठा राखून त्यावर नुसता नवा पाठा चढवायचा, हे त्याच्याशी बोलून ठरवा. दुसऱ्या पद्धतीला पैसे थोडे जास्त पडतात.

येडगाव, तालुका जुन्नर